कोरे पत्र आणि मुकी फाइल

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि तलवारी उभ्या राहतात. घरातल्या वस्तूंचा इतिहास लिहायला सहसा कोणी बसत नाही. जाते, कंदील, स्टोव्ह ही मंडळी मुकाट्याने आली, राबली आणि माळ्यावर गेली. मग घरच्या कॉम्प्युटरवर गाणे वाजवणाऱ्या, चित्रपट दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमचा, ज्याला आपण सारे नुसते ‘प्लेअर’ म्हणतो त्याचा, इतिहास कोण लिहिणार? तरी दिवाळीच्या अंकासाठी मी तोच विषय घेतला आहे. सन २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडच्या मध्यम घरांचे जेवढे डोके या प्लेअरने खाल्ले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने खाल्ले असेल. गाणे घरात आहे, यंत्र घरात आहे, दैवयोगाने वीजही आहे, आणि तरी गाणे वाजत नाही! हा प्रकार मुळात का उद्भवला आणि कसा निस्तरला गेला, एवढेच मला सांगायचे आहे.

मी पुणतांब्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले, गोदावरीकाठचे हे गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्या मार्गावर एका बाजूला बेलापूर स्टेशन, म्हणजे श्रीरामपूर, आणि दुसऱ्या बाजूला कोपरगाव, अशा दोन बाजारांच्या मधोमध आम्ही. शिर्डीला जाणारा फाटाही २००९ पासून आमच्याच स्टेशनातून फुटतो. बाहेरचे लोक आमचे गाव ओळखतात ते चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे, आणि १ जून २०१७ रोजी इथून पेटलेल्या शेतकरी संपामुळे. यांपैकी चांगदेवांशी आपल्या विषयाचा संबंध आहे. तो पुढे येईल.

आधी थोडे मागे जाऊ. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि माणसाचा आवाज प्रथमच माणसापासून वेगळा होऊन यंत्रात राहिला. पुढे बर्लिनर याने सपाट तबकडी काढली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. मग महाराष्ट्रात बालगंधर्वांची नाट्यपदे ज्यांनी कधी नाटकगृह पाहिले नाही अशांच्याही ओसरीवर पोहोचली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत; तेवढ्यात राग उभा करायचा म्हणजे गवयाची परीक्षाच.

या तबकडीची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्यावरच्या रेघेत आवाजाचाच आकार कोरलेला असतो. तबकडी फिरती ठेवून कागदाच्या नळकांड्याला टाचणी लावून ती रेघेवर टेकवली, तरी बारीक का होईना, पण गाणे ऐकू येते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, तीत रेघेऐवजी चुंबकाची पूड आली. पण तिथेही आवाजाचा चढउतार तसाच्या तसा उतरलेला असे. फीत गुरफटली तर पेन्सिल घालून गुंडाळायची, डोके मळले तर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. बिघाड डोळ्यांना दिसत असे आणि बोटांना सापडत असे. घरातली बारा वर्षांची मुलगीही कॅसेट दुरुस्त करी.

१९८२ साली सीडी आली आणि येथे गोष्ट पालटली. सीडीवर आवाज नाही, आकडे आहेत. एका सेकंदात आवाजाची उंची ४४,१०० वेळा मोजायची, डाव्या कानासाठी एकदा आणि उजव्यासाठी एकदा, आणि प्रत्येक मोजणी सोळा खुणांच्या आकड्यात लिहायची. याचा हिशेब केला तर एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० एमबी जागा लागते. तीन मिनिटांचे भावगीत झाले ३० एमबी. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटने एवढे ओझे आणायला, तार मध्येच न तुटता, तासाहून अधिक वेळ लागला असता. साहजिकच हे आकडे दाबून लहान कसे करावेत, या विचाराला जगभर माणसे लागली.

त्यात यश आले जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या फ्राउनहोफर संस्थेत, कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्यांची युक्ती माणसाच्या कानावर आधारलेली होती. दारात ढोल-ताशा वाजत असताना शेजारचा माणूस कुजबुजला तर ऐकू येत नाही; मग ते कुजबुजणे साठवायचे तरी कशाला? कान ज्याची दखल घेत नाही ते गाळायचे आणि उरलेले नीट बांधायचे. सुझान व्हेगा या गायिकेचे वाद्यांविना गायलेले एक गाणे त्यांनी कसोटीला घेतले होते, कारण एकट्या गळ्याच्या आवाजात लबाडी चटकन उघडी पडते. १९९५ च्या जुलैत या पद्धतीच्या फाइलींना ‘एमपी-थ्री’ हे शेपूट लावायचे ठरले. गाणे पूर्वीच्या अकराव्या हिश्श्यात मावू लागले. ज्या सीडीवर १५-२० गाणी बसत, तिच्यावर सव्वाशे-दीडशे बसू लागली. श्रीरामपूरच्या बाजारात ‘दीडशे सदाबहार’ अशा सीड्यांची रास हातगाडीवर दिसू लागली, ती या जर्मन गणिताच्या कृपेने.

पण आवाज आकड्यांत गेला आणि वर ते आकडे दाबले गेले, त्याबरोबर टाचणीचे काम संपले. आता दाबलेले आकडे उलगडून पुन्हा आवाज करणारा कोणी जाणकार हवा. दाबणे आणि उलगडणे या जोडकामाच्या नियमांना ‘कोडेक’ म्हणतात, आणि हे नियम हाताशी ठेवून गाणे वाजवणारा प्रोग्रॅम तो प्लेअर. गाणे तुमचे, यंत्र तुमचे. पण उलगडण्याची किल्ली मात्र तिसऱ्याच्या हाती. आमच्या घरांतल्या पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ या एका वाक्यात आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो बहुतेक घरांसारखाच आला. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. नोकरीला हे प्रमाणपत्र लागणार असे झाल्यावर दूध डेअरीच्या माडीवर, पतसंस्थेच्या शेजारी, जिथे जागा मिळेल तिथे क्लास निघाले. क्लासला जाणाऱ्या मुलांनी घरी हट्ट धरला. कोपरगावच्या दुकानातून सुटे भाग जुळवलेला ‘असेंबल’ कॉम्प्युटर टेम्पोत गाद्यांच्या मध्ये बसून घरी आला. त्याला हळदकुंकू लागले, मॉनिटरवर क्रोशाचे झाकण आले. अभ्यासासाठी आलेल्या या पाहुण्याकडून घराने पहिल्याच संध्याकाळी मागितले ते गाणे.

आवाज न येण्याचे पहिले ठाणे म्हणजे वायर. पेटीच्या मागे तीन भोके: हिरवे, गुलाबी आणि निळे. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आखलेल्या ‘पीसी ९९’ नावाच्या आराखड्यातला हा रंगांचा संकेत. हिरव्यात स्पीकर, गुलाबीत माइक आणि निळ्यात टेपरेकॉर्डरसारख्या बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेणारी पिन. स्पीकरची पिन गुलाबीत बसली की घर मुके. ही गोष्ट ज्याला कळली तो गल्लीत तज्ज्ञ ठरे.

दुसरे ठाणे ड्रायव्हरचे. प्रारंभी आवाजासाठी पेटीत वेगळे कार्ड घालावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ हे १९८९ पासूनचे त्यातले गाजलेले नाव. इंटेलने १९९७ साली आखून दिलेल्या रचनेनंतर आवाजाची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली आणि कॉम्प्युटर स्वस्त झाले. पण या भागाशी विंडोजने कोणत्या भाषेत बोलायचे, हे सांगणारा दुभाषी लागतो. तोच ड्रायव्हर. तो मदरबोर्डच्या खोक्यातल्या सीडीवर असे. विषाणू शिरला, यंत्र मंदावले की क्लासचा मुलगा येऊन म्हणे, “काका, फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट मारला, विंडोज नवी टाकली, चित्र झकास दिसू लागले आणि आवाज गायब! कारण खोके रद्दीत गेलेले. शहाण्या घरांतून ती सीडी बँकेच्या पासबुकांच्या शेजारी ठेवलेली असे.

त्यात भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. दिवसाचे तासन् तास वीज नसे. नवा प्रोग्रॅम टाकताना पडद्यावरची निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाई आणि घरातली माणसे पोळी करपते आहे हे विसरून तिच्याकडे पाहत बसत. ती ऐंशी टक्क्यांवर असताना वीज गेली की अर्धवट बसलेला प्लेअर ना धड चाले, ना धड काढता येई. मग आधी तो मुळापासून काढायचा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि मगच नव्याने टाकायचा, हा क्रम अनुभवाने पाठ झाला.

तिसरे ठाणे सर्वांत अवघड, ते कोडेकचे. प्लेअर तरी किती! अमेरिकेतल्या जस्टिन फ्रँकेल या विशीही न गाठलेल्या मुलाने दिमित्री बोल्दिरेव्ह याच्या साथीने १९९७ साली ‘विनॅम्प’ काढला. तो एमपी-थ्री गाण्यांचा राजा. त्याचे रूप पाहिजे तसे बदलता येई, म्हणून मुलांचा लाडका. १९९५ पासून चालत आलेला ‘रिअलप्लेअर’ स्वतःच्या जातीच्या फाइली वाजवी, इतरांना त्या सहसा वाजत नसत. विंडोजबरोबर येणारा ‘मीडिया प्लेअर’ घरचाच. पण डीव्हीडी पाहायची तर एक्सपीवर त्याला वेगळा कोडेक विकत किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर आणावा लागे. प्रत्येकाची आपली किल्ली, आपले कुलूप. एक गाणे ऐकण्यासाठी तीन-तीन प्लेअर टाकायचे आणि मग प्रत्येकाने “यापुढे सगळी गाणी मीच वाजवणार” म्हणून दुसऱ्याशी भांडायचे, अशी भाऊबंदकी पडद्यावर चाले.

आणखी एक मौज होती. फाइलीचे शेपूट हे फक्त डब्यावरचे नाव. आत काय भरले आहे ते त्यावरून कळतेच असे नाही. दिवाळीत चकलीच्या डब्यात चिवडा निघावा, तसेच. १९९२ साली निघालेला ‘एव्हीआय’ हा असाच डबा. आत डिव्हएक्स असे, एक्सव्हिड असे, आणखी काही असे. डबा ओळखीचा म्हणून प्लेअर तो उघडी आणि आतला पदार्थ अनोळखी निघाला की चित्र काळे होऊन नुसता आवाज येई, किंवा चित्र हलत राही आणि माणसे मुक्याने भांडत. यावर उपाय म्हणून बाजारात ‘कोडेक पॅक’ आले: शंभर किल्ल्यांचा जुडगा एकदम टाकायचा. पण कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या जुडग्यात एखादी किल्ली चोराची असे. विषाणूंचा सुळसुळाट झाला. त्या काळी घराघरांत पोहोचलेला ‘क्विक हील’ हा पुण्याचाच. रेडिओ आणि गणनयंत्रांच्या दुरुस्तीपासून आयुष्य सुरू करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी तो नव्वदीच्या दशकात उभा केला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा.

व्हीसीडी मात्र गरिबाची मैत्रीण होती. १९९३ च्या ठरावीक नियमांनी बनलेली असल्याने तिचा कोडेक जवळजवळ सर्वत्र असे. तिच्या एका तबकडीवर सव्वा तासाच्या आतबाहेर चित्र मावे. त्यामुळे नाटकाचा पहिला अंक एका तबकडीवर आणि दुसरा दुसरीवर. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा नाटक-सिनेमा भाजीच्या पिशवीतून घरी येऊ लागला. कधी प्लेअर तबकडी ओळखत नसे. मग तिच्या आतले ‘एमपेगएव्ही’ नावाचे कप्पेवजा फोल्डर उघडायचे आणि ‘डॅट’ शेपटाची सर्वांत मोठी फाइल उचलून थेट प्लेअरवर टाकायची. ही युक्ती आमच्या गल्लीत तोंडी परंपरेने पसरली, अगदी लोणच्याच्या कृतीसारखी.

आता चांगदेवांकडे वळतो. त्यांची कथा आपल्याकडे लहानपणीच कानी पडते. चौदाशे वर्षांचे योगी म्हणून त्यांची ख्याती. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतले, पण मायना काय लिहावा हेच ठरेना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाने तो लेकरू. अखेर त्यांनी कोराच कागद धाडला. मुक्ताबाई तो पाहून हसली, इतकी वर्षे जगूनही हा कोरा तो कोराच म्हणाली. पण निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला उत्तर लिहिले. तीच पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. कागद कोरा होता हे खरे. पण त्यात मजकूर नव्हता असे म्हणवत नाही. तो वाचणारा भेटावा लागला.

आमच्या घरी असाच एक कोरा कागद निघाला. माझी थोरली आत्या जात्यावर ओव्या म्हणे. १९८८ साली वडिलांनी तिच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या. तासाभराची एक कॅसेट. आत्या १९९७ साली गेली. २००४ च्या सुमारास वडिलांनी ती कॅसेट तालुक्याच्या गावी एका दुकानात देऊन सीडीवर उतरवून घेतली आणि ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. ती तिथे वाजेही. पुढे कॅसेटला बुरशी धरली, फीत तुटली आणि ती गेली. २०११ साली जुने यंत्र मोडीत निघाले, नवे आले, फाइल नव्यावर आली. आणि वाजेना. प्लेअर नुसते म्हणे की ही फाइल वाजवता येत नाही. शेपूट पाहावे तर साध्या ‘वेव्ह’ फाइलीचे, जी कुठेही वाजावी. त्या वर्षी भाऊबीजेला आलेला माझा भाचा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ती तपासून म्हणाला, “मामा, ही कोरी आहे. काढून टाकू का? उगाच जागा अडवते.”

मी त्याला थांबवले, ते काही ज्ञान होते म्हणून नव्हे. आत्याचा दुसरा आवाज घरात नव्हता म्हणून. मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. साध्या पद्धतीने साठवलेल्या तासाभराच्या वेव्ह फाइलीचे वजन, एका कानापुरते धरले तरी, तीनशे एमबीच्या वर हवे. हिचे वजन होते चार एमबीच्या आत. कोरी म्हणावी तर वजन शून्य नाही, भरलेली म्हणावी तर शंभराव्या हिश्श्याइतकीही नीट नाही. याचा अर्थ एकच: डबा वेव्हचा, पण आतला ऐवज फार दाबून बसवलेला. दुकानदाराने ‘बोलणे आहे, गाणे नाही’ असे धरून, भाषणासाठी असलेली एखादी जुनी पद्धत निवडली असावी. जुन्या यंत्रात तिची किल्ली होती, नव्यात नव्हती.

त्या किल्लीसाठी भाच्याने ‘व्हीएलसी’ टाकला. या प्लेअरचा इतिहास सांगण्याजोगा आहे. पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयाच्या वसतिगृहातील मुलांना कॉम्प्युटरची जोडणी फार मंद वाटे. ती वेगवान करून मिळावी म्हणून १९९६ साली त्यांनी जोडणीवरूनच दूरदर्शनचे चित्र प्रत्येक खोलीत पोहोचवण्याचा उद्योग आरंभला. त्यातून हा प्रोग्रॅम जन्मला. १ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यालयाच्या संमतीने तो सर्वांसाठी मोकळा झाला: कोणीही घ्यावा, आत डोकवावे, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा, पैसा नाही. त्याची खूण म्हणजे रस्त्यावरचा केशरी-पांढरा शंकू. मुलांनी रस्त्यातले शंकू गोळा करून आणले होते, त्याची ती आठवण! पण त्याचे खरे वैशिष्ट्य असे की, तो किल्ल्यांसाठी विंडोजच्या दारात जात नाही. शेकडो जुन्या-नव्या कोडेकांचा जुडगा तो स्वतःबरोबर घेऊन येतो, विक्रीतून गेलेल्यांचाही.

भाच्याने फाइल त्यावर टाकली. क्षणभर काही नाही. मग टेलिफोनवरून यावा तसा बारीक आवाज आला. आधी जात्याची घरघर आणि मग तिच्यावर आत्या. दोन ओव्या झाल्यावर ती थांबते, वडिलांना म्हणते, “अरे, ते बंद केलंस का? फीत उगा जाईल.” आणि पुन्हा जाते फिरू लागते. माझी आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी फार बोलले नाही. भाच्याने कंट्रोल आणि जे ही बटणे एकदम दाबली, की प्लेअर आतल्या ऐवजाचे खरे नाव सांगतो; ते आम्ही वहीत टिपले. मग त्याच प्लेअरच्या ‘कन्व्हर्ट’ या सोयीने साधी वेव्ह आणि एमपी-थ्री अशा दोन प्रती केल्या. पूर्वी गाळला गेलेला आवाज काही परत येत नाही, पण होता तेवढा आता कुठेही वाजतो.

जात्यावरच्या अशा ओव्या वाचवण्याचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे, ते येथे सांगितलेच पाहिजे. पुण्याला राहिलेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. बेर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि संगणकाची बाजू सांभाळली. पॉइटवां २००४ साली गेले. पुढे २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे आणायला घेतल्या. कागदावर ओवी राहते. पण जात्याच्या फेऱ्याबरोबर ती कुठे लांबते आणि कुठे मोडते, हे आवाजाशिवाय कळत नाही. म्हणूनच आवाज उलगडणारी किल्ली कोणाच्या हाती असावी हा प्रश्न मला करमणुकीपुरता वाटत नाही.

किल्ल्यांचे मालक टिकत नाहीत, असेच या थोड्या वर्षांचा इतिहास सांगतो. विनॅम्प १९९९ साली मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि हळूहळू त्याची सद्दी संपली. विंडोज एक्सपीची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. वेबवर चित्रे हलवणारा ‘फ्लॅश’ २०२० च्या अखेरीस बंद पडला. २८ रुपयांत नाटक देणारी मोझर बेअर २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाने मोडीत काढली. उलट एमपी-थ्रीच्या परवान्यांची वसुली २०१७ साली संपली आणि ती किल्ली साऱ्या जगाची झाली. जे मोकळे झाले ते राहिले, हे ध्यानात घ्यावे.

मोकळ्या वस्तूचीही वाट अडू शकते. २०२२ सालच्या फेब्रुवारीपासून व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. ज्यांच्याकडे प्लेअर आधीपासून होता तो चालतच राहिला, पण नव्याने घेणाऱ्याला मूळ दार बंद. लोकांना कारणही सांगितले गेले नाही. ऑक्टोबरात व्हीएलसीच्या संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. मधल्या काळात कित्येकांनी तो आडमार्गाने मिळवला असेल, आणि आडमार्गाच्या किल्ल्यांत चोर कसा असतो हे वर आलेच आहे.

हल्ली प्लेअर टाकण्याची कटकट बहुतेक घरांतून गेली आहे. मध्यंतरी ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्यांची मोबाइल दुकाने गावोगाव होती. आता गाणे फोनवर थेट वाहत येते आणि वाहून जाते. नव्या मुलांना कोडेक हा शब्द माहीत नाही, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. जगप्रसिद्ध गाणी कोणी ना कोणी सांभाळीलच. पण तुमच्या आजोबांचे कीर्तन, मुलीचे पहिले बोबडे बोल, मामांच्या लग्नातली सनई कोणत्याही कंपनीच्या भांडारात नाही. ती तुमच्याच कपाटातल्या, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर आहे, आणि घरी जाळून केलेल्या अशा सीडीचा रंगाचा थर वर्षांनी विटतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा जुन्या सीड्या आणि पेनड्राइव्ह रद्दीत टाकण्यापूर्वी एकवार उघडून पाहा. फाइल वाजली नाही तर घाबरू नका. क्रम सोपा आहे. आधी वायर आणि आवाजाची खूण पाहा. मग दुसरी एखादी फाइल वाजते का पाहा. तीही वाजत नसेल तर दोष ड्रायव्हरचा. दुसरी वाजते आणि हीच वाजत नाही, तर हिचे वजन पाहा. वजन शून्य नसेल तर मूळ ठिकाणाहूनच घेतलेल्या मोकळ्या प्लेअरवर ती टाकून पाहा. वाजली की लगेच साध्या, सर्वांना येणाऱ्या पद्धतीत तिची प्रत करा; एक घरी ठेवा, एक बहिणीच्या नाहीतर मुलाच्या घरी. आणि फाइलीला माणसाचे नाव व साल द्या, म्हणजे पुढच्याला ओळख पटेल. या उद्योगात घरातली मुले तुमच्यापेक्षा चपळ निघतील. त्यांना जवळ बसवा. कोणाचा आवाज आहे हे त्यांना तुम्हीच सांगू शकाल.